सोनार युद्धनौकेला, कर्ज मच्छीमाराला

दरवर्षी १ जूनला पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी थांबते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, फाटकी जाळी सांधली जातात आणि नारळी पौर्णिमेच्या आगेमागे पुन्हा दर्यात उतरण्याची तयारी सुरू होते. या पावसाळी दिवसांत सातपाटीपासून हर्ण्यापर्यंत आणि मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत एका प्रश्नाची चर्चा हमखास होते : यंदा नौकेवर फिशफाइंडर बसवायचा काय, आणि बसवायचा तर कोणता? वरवर पाहता हा एका नौकामालकाचा आणि एका दुकानदाराचा व्यवहार आहे. परंतु पाण्याखालील मासळीचा ठाव ध्वनीच्या साहाय्याने घेणारे हे छोटेसे यंत्र कोण बनवते, कोण विकते, त्याचे हप्ते कोणाच्या घामातून फिटतात आणि त्याने दाखविलेली मासळी अखेर कोणाच्या जाळ्यात जाते, हे प्रश्न विचारू लागताच या व्यवहारामागचे सारे अर्थकारण उघडे पडते.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर कोकणात आहे आणि उरलेले अर्धे समुद्रापासून दूर, सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेल्या बेंगळुरू शहरात आहे. बेंगळुरूला समुद्र नाही, बंदर नाही. तरीही पाण्याखालचा आवाज ऐकण्याची आणि समुद्राचा रंग आकाशातून वाचण्याची देशाची मोठी क्षमता याच शहरात एकवटली आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सार्वजनिक कारखाना १९५४ साली येथे उभा राहिला. कोचीच्या नौदल भौतिक व समुद्रविज्ञान प्रयोगशाळेने आखणी केलेली सोनार यंत्रणा भारत इलेक्ट्रॉनिक्सने तयार करावी आणि ती भारतीय युद्धनौकांच्या तळाशी बसावी, ही व्यवस्था कित्येक दशके चालू आहे. ज्या देशाचे कामगार आणि अभियंते खोल पाण्यात दडलेली पाणबुडी शोधणारे यंत्र बनवतात, त्या देशाच्या मच्छीमाराने तीस-चाळीस मीटर पाण्यातला मासळीचा थवा शोधण्यासाठी जपानी, अमेरिकी, नॉर्वेजियन वा चिनी कंपन्यांच्या यंत्रांपुढे उभे राहावे, ही विसंगती केवळ तांत्रिक नाही.

युद्धासाठी जन्मलेले शास्त्र

या यंत्राचा इतिहासच बोलका आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी दोस्त राष्ट्रांची जहाजे बुडविण्याचा सपाटा लावला, तेव्हा फ्रेंच पदार्थवैज्ञानिक पॉल लांजव्हँ यांनी रशियातून आलेल्या कॉन्स्टान्टिन चिलोव्हस्की या अभियंत्याच्या सहकार्याने पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपण्याचे प्रयोग हाती घेतले. १९१७ साली त्यांनी स्फटिकाच्या साहाय्याने माणसाच्या कानाला ऐकू न येणारा ध्वनी पाण्यात सोडण्यात यश मिळविले. स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो थरथरतो, आणि बाहेरची थरथर त्याच्यावर आदळली की तो वीज निर्माण करतो. हा गुणधर्म म्हणजे आजच्या प्रत्येक फिशफाइंडरचे हृदय आहे. हेच लांजव्हँ पुढे फॅसिझमविरोधी चळवळीत अग्रभागी राहिले. १९४० साली नाझी सैन्याने त्यांना अटक केली आणि १९४४ साली ते फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. विज्ञान हे माणसाच्या मुक्तीचे साधन व्हावे, असे मानणाऱ्या शास्त्रज्ञाचा शोध आधी युद्धखात्याच्या कामी आला, हा भांडवली समाजव्यवस्थेचा नेहमीचा क्रम आहे.

त्या शोधाला अन्नाच्या कामी लावणारे प्रयत्न नंतर झाले. नॉर्वेतील संशोधक ऑस्कर सुंड यांनी लोफोटेनच्या समुद्रातील कॉड मासळीच्या थव्यांचे प्रतिध्वनी कागदावर उमटवून १९३५ साली जगापुढे ठेवले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील नागासाकी प्रांतात फुरुनो बंधूंनी मच्छीमारांच्या नौकांवर प्रत्यक्ष चालेल असे यंत्र १९४८ साली बाजारात आणले. युद्धात होरपळलेल्या, अन्नटंचाईने ग्रासलेल्या देशात ते जन्मले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्याकडे मात्र सोनारची वाटचाल अजून पहिल्याच टप्प्यावर अडकली आहे. युद्धनौकेपर्यंत ती पोहोचली, मच्छीमाराच्या होडीपर्यंत नाही.

यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही

समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. नौकेच्या तळाशी बसविलेला ध्वनिग्राहक खाली एक स्पंद सोडतो. ६० मीटर खोलीवरील तळाला आपटून तो परत येण्यास ०.०८ सेकंद लागतात. त्या वेळेवरून यंत्र खोली काढते, आणि वाटेत जे जे आडवे येते त्याचा ठिपका पडद्यावर उमटवते. मासळीचा ठिपका उमटतो तो मुख्यतः तिच्या पोटातील हवेच्या पिशवीमुळे, कारण पाणी आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनी जोराने परावर्तित होतो. येथेच या यंत्राची मर्यादा आहे. कोळंबी, माकूल किंवा मुशी यांना अशी पिशवी नसते. त्यातही कोळंबी तळाला बिलगून राहते. म्हणून ज्याची सारी कमाई कोळंबीवर आहे, त्याला फिशफाइंडर कोळंबी दाखवील या आशेवर कर्ज काढायला लावणे ही फसवणूक आहे. त्याला हे यंत्र तळाचा उतार, चिखल आणि खडक यांतला फरक सांगेल. जाळे कोठे फाटेल हे सांगेल. हा उपयोगही लहान नाही, परंतु तो वेगळा आहे आणि विक्रेत्याने तो वेगळा म्हणून सांगितला पाहिजे.

दुसरा प्रश्न ध्वनीच्या कंपनसंख्येचा. बहुतेक यंत्रे ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन कंपनसंख्यांवर चालतात. ५० किलोहर्ट्झचा ध्वनी खोलवर पोहोचतो आणि रुंद पसरतो; २०० किलोहर्ट्झचा लवकर विरतो, पण बारकावे दाखवतो. समजा रुंद झोताचा कोन ४५ अंश आणि अरुंद झोताचा १२ अंश आहे. तर ३० मीटर खोलीवर पहिला झोत तळावर सुमारे २५ मीटर व्यासाचे वर्तुळ पाहतो, दुसरा केवळ सहा-साडेसहा मीटरचे. रुंद झोतात मासा दिसला म्हणजे तो नौकेच्या थेट खाली आहे असे मुळीच नाही. उत्तर महाराष्ट्रासमोरील समुद्राचा तळ फार मंद उताराचा आहे. खंडान्त उथळ पट्टा तेथे शेकडो किलोमीटर रुंद आहे. चाळीस-साठ मीटर पाण्यात मासेमारी करणाऱ्या नौकेला हजार मीटर खोलीचे यंत्र विकणे म्हणजे बैलगाडीला विमानाचे चाक लावणे होय.

तिसरा प्रश्न शक्तीच्या आकड्याचा. दुकानातल्या पाटीवर ४,८०० वॉट असे लिहिलेले असते आणि शेजारच्या यंत्रावर ६०० वॉट. घेणाऱ्याला पहिले आठपट बलवान वाटते. वास्तविक पहिला आकडा लहरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलेला असतो, दुसरा सरासरी परिणामी शक्तीचा असतो, आणि दोन्ही यंत्रे नेमकी सारखीच असू शकतात. मोजमापाची एकच पद्धत पाटीवर छापण्याची सक्ती केली तर ही दिशाभूल एका दिवसात थांबेल.

चौथी गोष्ट पडद्यावरच्या चित्रांची. स्वस्त यंत्रांत ठिपक्याच्या जागी माशाचे चित्र दाखविण्याची सोय असते. यंत्राला मासा ओळखता येत नाही. त्याला फक्त प्रतिध्वनी कळतो. बुडबुडे, तरंगते गवत, पाण्याच्या उबदार आणि थंड थरांमधली सीमा यांनाही ते माशाचे चित्र चिकटवते. अनुभवी तांडेल हे चित्र बंद करतो आणि मूळ ठिपके वाचायला शिकतो. त्याची नजर पिढ्यान्‌पिढ्या पाण्याचा रंग, पक्ष्यांचे घिरटणे आणि भरती-ओहोटीचा वेग वाचून तयार झालेली असते. यंत्र त्या ज्ञानाची जागा घेत नाही, त्याला जोड देते. पण यंत्रावरच्या सूचना परकीय भाषेत, माहितीपुस्तिका परकीय भाषेत आणि दुरुस्तीचा माणूस दूरच्या शहरात, अशी स्थिती असली तर ही जोड बसणार कशी?

शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट बसविण्याची. हजारो रुपयांचे यंत्र पंख्याच्या फेसात, बुडबुड्यांच्या वाटेवर बसविले तर ते आंधळे होते. लाकडी नौकेला तळातून भोक पाडून ध्वनिग्राहक बसवावा लागतो आणि तो पाण्याच्या वाहण्याला समांतर राहावा लागतो. पावसाळ्यात नौका वर ओढली की त्यावर चढलेले शिंपल्यांचे थर खरवडले पाहिजेत, पण जाड रंग चोपडता कामा नये. हे ज्ञान पुस्तकात नाही. ते कारागिराच्या हातात असते. त्या कारागिराच्या प्रशिक्षणावर खर्च करणे मात्र कोणत्याच आयातदाराच्या हिशेबात बसत नाही.

जाळे सांगेल ते यंत्र

यावरून यंत्राच्या निवडीचा पहिला नियम निघतो : कंपनीकडे पाहू नये, जाळ्याकडे पाहावे. मुंबई, वसई आणि पालघरच्या किनाऱ्यावर बोंबील धरणारे डोळ जाळे प्रवाहात एका जागी रोवलेले असते. मासळी भरतीबरोबर त्यात येते. मच्छीमार मासळीमागे धावत नाही. त्याला फिशफाइंडरची गरज जवळजवळ नाही. खोली आणि जागा सांगणारे साधे यंत्र पुरते. गिलनेट सोडणाऱ्या लहान नौकेला साध्या दुहेरी कंपनसंख्येच्या यंत्राने पुष्कळ मदत होते, कारण शोधाची फेरी आखूड झाली की डिझेल वाचते, आणि डिझेल हाच आजच्या फेरीचा सर्वांत मोठा खर्च आहे. ट्रॉलरला तळाचा नकाशा हवा असतो. खाडीच्या मुखाशी साचलेल्या गाळातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नौकेला तर खोलीमापक हे चैनीचे नव्हे, जीवरक्षणाचे साधन आहे.

पर्ससीन नौकेची गोष्ट निराळी. तिला आडव्या दिशेने चहूकडे शोध घेणारा सोनार हवा असतो. त्याची किंमत साध्या फिशफाइंडरच्या कित्येक पटींनी जास्त असते. दूरवरचा संपूर्ण थवा पाहून त्याला एका वेढ्यात घेण्याची ताकद त्यातून येते. दोन्ही यंत्रांमागील भौतिकशास्त्र एकच आहे. सामाजिक परिणाम मात्र एक नाहीत. एक यंत्र लहान मच्छीमाराचे डिझेल वाचवते, दुसरे त्याच लहान मच्छीमाराच्या वाट्याची मासळी उपसून नेते. म्हणून तंत्रज्ञानाला सरसकट शिव्या देणारे आणि सरसकट ओवाळणारे, दोघेही सारखेच चुकतात.

हप्ता कोणाच्या वाट्यातून?

कोकणातील अनेक नौकांवर पगाराऐवजी अथवा पगाराबरोबर वाट्याची पद्धत चालते. फेरीचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेचे मालकाचा, नौकेचा, जाळ्याचा आणि खलाशांचा असे वाटे पडतात. आता फिशफाइंडरचा हप्ता जर सामाईक खर्चात धरला गेला, तर यंत्र मालकाचे होते आणि त्याची किंमत खलाशी फेडतो. शिवाय यंत्र आले म्हणून जाळे अधिक वेळा पडते आणि रात्रीची झोप कमी होते. मासळी वाढली तर वाटा वाढेल, हे उत्तर दिले जाते. पण मासळी वाढली की लिलावात भाव पडतो, आणि भाव ठरविण्याचे सामर्थ्य खलाशाकडे नाही, लहान मालकाकडेही नाही. ते व्यापाऱ्याकडे आणि निर्यातदाराकडे आहे. रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळपासून कर्नाटकापर्यंतचे खलाशी राबतात. कोणते यंत्र घ्यावे, या चर्चेत त्यांना कोणी विचारत नाही. ज्याच्या हातांनी जाळे ओढले जाते त्याला यंत्राच्या हिशेबाची वही पाहता आली पाहिजे, ही मागणी अगदी प्राथमिक आहे.

लहान नाखव्याची स्थितीही फारशी बरी नाही. तो व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेतो आणि मासळी त्यालाच देण्याचे बांधून घेतो. यंत्र उधारीवर आले की हा दोर आणखी आवळला जातो. अशा वेळी यंत्राची निवड तांडेलाच्या अनुभवाने होत नाही, कर्ज देणाऱ्याच्या सोयीने होते.

बेंगळुरूचे देणे

भारत इलेक्ट्रॉनिक्सने केवळ लष्करी सामानच बनविले, असे नाही. या कारखान्याने ट्रान्झिस्टर बनविले, दूरचित्रवाणी संचांच्या नळ्या बनविल्या, देशाला मतदान यंत्रे दिली. गरज राष्ट्रीय आहे असे ठरले की सार्वजनिक कारखाना नागरी वस्तू उत्तम प्रकारे बनवू शकतो, याचा हा पुरावा आहे. त्यामागे बेंगळुरूच्या कामगारवर्गाचे कौशल्य आहे आणि संघर्षही आहे. २६ डिसेंबर १९८० पासून भारत इलेक्ट्रॉनिक्स, हिंदुस्थान एअरोनॉटिक्स, हिंदुस्थान मशीन टूल्स, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज आणि भारत अर्थ मूव्हर्स यांच्या सुमारे सव्वा लाख कामगारांनी वेतनाच्या प्रश्नावर ७७ दिवसांचा संप केला. त्या संपाने दाखवून दिले की या कारखान्यांचे खरे भांडवल म्हणजे ते चालविणारी माणसे आहेत. ते कौशल्य अन्नोत्पादकाच्या सेवेला लावण्यात अडचण तंत्राची नाही, धोरणाची आहे. केरळ सरकारने १९७३ साली स्थापन केलेल्या केल्ट्रॉनपाशीही पाण्याखालील इलेक्ट्रॉनिक साधने बनविण्याचा अनुभव आहे. दोन सार्वजनिक संस्था, एक नौदल प्रयोगशाळा आणि कोचीचीच केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था एकत्र बसल्या, तर साधा, दणकट, उन्हात वाचता येणारा, मराठी-कन्नड-मल्याळममध्ये बोलणारा फिशफाइंडर बनविणे त्यांना अवघड जाण्याचे कारण नाही.

अवकाश क्षेत्रातील उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील पत्र्याच्या शेडमध्ये घडला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाने अवकाशात गेला. त्या परंपरेतून पुढे समुद्राचा रंग आणि तापमान टिपणारे उपग्रह आले. त्यांच्या माहितीवरून हैदराबादची राष्ट्रीय महासागर माहिती सेवा संस्था मासळी कोठे असण्याचा संभव आहे, याचे अंदाज किनाऱ्यावरच्या भाषांतून विनामूल्य देते. जे ज्ञान सार्वजनिक पैशातून निर्माण झाले ते सार्वजनिक राहिले, तर त्याचा लाभ डोळ जाळेवाल्यालाही होतो आणि ट्रॉलरवाल्यालाही.

२०१७ साली ओखी चक्रीवादळाने खोल समुद्रातील मच्छीमारांचे बळी घेतले, कारण इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. त्यानंतर २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये उपग्रहावरून इशारे आणि मासळीचे अंदाज पोहोचविणारे जेमिनी हे उपकरण आणले गेले. तेही बेंगळुरूच्या एका खासगी कंपनीने घडविले होते. तेव्हा त्याची किंमत ९,००० रुपये सांगितली गेली. उपकरण संदेश घेत असे, देऊ शकत नसे. म्हणजे बुडणाऱ्या मच्छीमाराला वादळाची बातमी मिळे, पण त्याची हाक किनाऱ्यावर जात नसे. पुढे इस्रोने दुहेरी संपर्काचे तंत्र विकसित केले आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे ३६० कोटी रुपयांच्या योजनेचा आरंभ झाला. १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर टप्प्याटप्प्याने बसविणे हे तिचे उद्दिष्ट आहे. स्वदेशी तंत्र, सार्वजनिक खर्च आणि मच्छीमाराच्या नौकेवर साधन, हे तिन्ही एकत्र येऊ शकतात, हे या योजनेने मान्य केले. मग फिशफाइंडरबाबतच बाजाराचे सोवळे का पाळायचे?

मात्र त्याच दिवशी, त्याच मंचावरून सुमारे ७६,००० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराची कोनशिलाही बसविली गेली. या बंदराला पालघर-डहाणूच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे, कारण त्यांच्या मते ते त्यांच्या मासेमारीच्या पट्ट्यावरच घाला घालते. एका हाताने नौकेवर यंत्र द्यायचे आणि दुसऱ्या हाताने नौकेखालचा समुद्र काढून घ्यायचा, याला मत्स्यविकास म्हणता येणार नाही. समुद्रच हातचा गेला तर पडद्यावर ठिपके उमटून करायचे काय?

यंत्र वाढले म्हणजे मासळी संपेल काय?

एक गंभीर आक्षेप लक्षात घेतला पाहिजे. मासळी घटत असताना ती शोधण्याची यंत्रे स्वस्त करणे म्हणजे उरलीसुरली मासळी संपविणे नव्हे काय? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्राची सागरी मासळी २०१८ साली २.९५ लाख टन होती, ती २०१९ साली २.०१ लाख टनांवर आली. साडेचार दशकांतील हा नीचांक ठरला. त्या वर्षीच्या वादळांचाही त्यात वाटा होता. तरीही इशारा स्पष्ट आहे.

परंतु इतिहास सांगतो की समुद्र रिता करण्याचा मुख्य दोष लहान होडीवरील खोलीमापकाकडे जात नाही. १९५२ साली केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. उद्देश होता मच्छीमाराचे राहणीमान सुधारण्याचा. त्यातून फोफावला तो कोळंबीच्या निर्यातीचा नफा आणि त्यामागोमाग ट्रॉलरांची गर्दी. १९७० च्या दशकात कर्नाटकात आणि गोव्यात पर्ससीन आणि ट्रॉलर आले आणि किनाऱ्यावरून सामूहिकपणे ओढली जाणारी रापण ओस पडू लागली. गोव्याच्या रापणकारांनी मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली लढा उभारला. किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याची त्यांची मागणी पुढे देशभर पसरली आणि १९८० नंतर राज्याराज्यांत सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा आहे. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने प्रखर एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करण्यावर बंदी आणली. हे सारे निर्णय मच्छीमारांच्या संघर्षाने पदरात पडले, आणि त्यांची अंमलबजावणीही संघर्षावाचून होत नाही, हा मालवण-रत्नागिरीचा रोजचा अनुभव आहे.

तात्पर्य असे की मासळी टिकविण्याचा मार्ग लहान मच्छीमाराला आंधळा ठेवण्याचा नाही. जाळ्याचा आकार, आसाची माप, नौकांची संख्या, बंदीचे दिवस आणि राखीव पट्टा यांचे काटेकोर नियमन, हाच तो मार्ग आहे. नियमन असेल तर फिशफाइंडर डिझेल आणि जीव वाचवतो. नियमन नसेल तर ज्याच्याकडे मोठा सोनार आहे तो उरलेल्यांचे ताट ओढून घेतो, मग लहान होडीवर यंत्र असो वा नसो.

मागण्यांचा गाभा

या विवेचनातून काही मागण्या आपोआप निघतात. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि केल्ट्रॉन यांच्याकडून लहान नौकांसाठी स्वदेशी फिशफाइंडर तयार करून घ्यावा. त्याची रचना गुप्त न ठेवता तालुक्याच्या ठिकाणच्या कारागिराला दुरुस्त करता येईल अशी असावी. त्याची खरेदी एकेकट्या नाखव्याने दुकानातून करण्याऐवजी मच्छीमार सहकारी संस्थांनी एकत्रितपणे करावी, म्हणजे भाव, हमी आणि सुटे भाग यांवर संस्थेला घासाघीस करता येईल. यंत्र घेण्याआधी प्रत्येक बंदरात जाळ्याच्या प्रकाराप्रमाणे सल्ला देणारे सरकारी केंद्र असावे आणि तेथे विक्रेत्याचा नव्हे, मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचा माणूस बसावा. शक्तीचे आकडे एकाच पद्धतीने छापण्याची सक्ती व्हावी. यंत्राचा हप्ता खलाशांच्या वाट्यातून वळता करण्यास मनाई असावी. दूरवर शोध घेणाऱ्या आडव्या सोनारचा वापर पर्ससीनच्या परवान्याशी जोडून त्यावर मर्यादा घालावी. २०२० साली २०,०५० कोटी रुपयांची मत्स्य संपदा योजना जाहीर करणाऱ्या सरकारला यांतील एकही गोष्ट परवडणारी नाही, असे म्हणता येणार नाही.

तोवर जो नाखवा या हंगामासाठी यंत्र घेणार आहे, त्याने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आपल्या तांडेलाला आणि खलाशांना एकत्र बसवून चार प्रश्नांची उत्तरे काढावीत. जाळे कोणते? पाणी किती खोल? धरायची मासळी प्रतिध्वनी देते की नाही? आणि यंत्र बिघडले तर जवळच्या बंदरात ते उघडणारा माणूस आहे काय? या चारांची उत्तरे मिळाली तर बहुतेक महागडी यंत्रे आपोआप यादीतून गळतील आणि कर्जाचा आकडा निम्म्यावर येईल. पाचवा प्रश्न मात्र एका नौकेने सुटणारा नाही. बेंगळुरूच्या कारखान्यात पाणबुडीचा माग काढणारे हात आणि कोकणच्या दर्यात जाळे ओढणारे हात एकाच देशाचे, एकाच श्रमिक वर्गाचे आहेत. मधल्या दलालाला दूर सारून ते एकमेकांना केव्हा भेटणार, हा तो प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर संघटित मच्छीमार आणि संघटित कामगार यांनाच द्यावे लागेल.